जन्मनक्षत्र आणि मनुष्यस्वभाव : पालि साहित्याच्या प्रकाशात एक चिकित्सा

गोंदिया जिल्हा हा धानाचा प्रदेश. येथील शेतकऱ्याला नक्षत्रांची नावे कोणी शिकवावी लागत नाहीत. रोहिणी सरते, जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो, पऱ्हे टाकले जातात आणि पुढील नक्षत्रांत पाऊस साधला की बांध्यांत रोवणी सुरू होते. ही नक्षत्रे सूर्याची होत. सूर्य आकाशाच्या ज्या विभागात असतो त्या विभागाचे नाव काळाला दिले जाते आणि असा एकेक काळ सुमारे तेरा-चौदा दिवसांचा असतो. हे शेतकऱ्याचे कालमापन आहे. मृगात पाऊस आला नाही तर तो रोवणी लांबवितो. मृगाचा स्वभाव बिघडला असे म्हणत नाही.

याच जिल्ह्यात नक्षत्राचा दुसराही एक अर्थ नांदतो. मूल जन्मले त्या वेळी चंद्र ज्या विभागात होता, ते त्याचे जन्मनक्षत्र. आणि त्यावरून त्याचा स्वभाव, त्याचा गण, त्याची नाडी, त्याच्या विवाहाची योग्यता ठरते, असा हा समज होय. काही काळापूर्वी आम्ही जिल्ह्यातील एका गावी विहारात प्रवचनासाठी गेलो असता एका उपासकाने आपल्या कन्येचे परिचयपत्र आमच्या हाती ठेवले. वर तथागतांचे व परमपूज्य बाबासाहेबांचे चित्र होते. खाली गणितातील पदव्युत्तर पदवीचा उल्लेख होता आणि त्याखाली 'नक्षत्र मूळ, गण राक्षस, नाडी आद्य' असे छापलेले होते. मूळ नक्षत्राची सून सासऱ्याला वाईट, या समजुतीपायी दोन ठिकाणचे संबंध जुळता जुळता मोडले होते. ती दोन्ही घरे बौद्ध होती. त्या पित्याने आम्हांस विचारले, "सर, मूळ नक्षत्राची शांती आपल्या पद्धतीने करता येते काय? परित्राणपाठ ठेवला तर चालेल काय?" आम्ही त्या वेळी 'गरज नाही' एवढेच म्हणालो. ते उत्तर पुरेसे नव्हते. प्रस्तुत लेख हे त्याचे सविस्तर उत्तर समजावे.

प्रथम पालि साहित्याची साक्ष घेऊ. बुद्धशासनात नक्षत्रांचे ज्ञान सरसकट निषिद्ध होते असा एक समज आपल्यात आहे; तो बरोबर नाही. विनयपिटकाच्या महावग्गात अशी कथा आहे की, लोकांनी भिक्खूंना आज पक्षाचा कितवा दिवस, असे विचारले. भिक्खूंना सांगता आले नाही, तेव्हा लोकांनी त्यांची निंदा केली. त्यावर भगवंतांनी पक्षगणना शिकण्यास अनुमती दिली. चुल्लवग्गातील कथा याहून बोलकी आहे. अरण्यवासी भिक्खूंकडे चोर आले. पाणी आहे काय, विस्तव आहे काय, आज चंद्र कोणत्या नक्षत्राशी युक्त आहे, ही दिशा कोणती, असे त्यांनी विचारले. भिक्खूंना यांतले काहीच ठाऊक नव्हते. हे भिक्खू नव्हेतच, असे ठरवून चोरांनी त्यांना मारहाण केली. तेव्हा अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रे व दिशा यांची माहिती करून घ्यावी, असा नियम झाला. येथे नक्षत्रज्ञान पाणी, विस्तव व दिशा यांच्या पंक्तीला बसविलेले आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. ते जगण्याचे साधन आहे.

याउलट दीघनिकायातील ब्रह्मजालसुत्तात ग्रहणांची व नक्षत्रांच्या गतींची शुभाशुभ फले सांगून उपजीविका करणे, अंगलक्षणे व स्वप्ने यांचे अर्थ सांगणे, यांची गणना तिरच्छानविज्जेत, म्हणजे हीन विद्येत, केलेली आहे. सुत्तनिपातातील तुवटकसुत्तातही भिक्खूने नक्षत्रविद्येचा प्रयोग करू नये असे बजावले आहे. दोन्ही ठिकाणी नक्षत्र तेच आहे. भेद आहे तो त्याच्या उपयोगात. काळ मोजण्यास अनुमती आहे, मनुष्याचे भाग्य मोजण्यास नाही. आमच्या मते या विषयावरील संपूर्ण बौद्ध भूमिका या एका भेदात सामावलेली आहे.

अंगुत्तरनिकायातील पुब्बण्हसुत्त तर 'सुनक्षत्र' हा शब्दच नव्या अर्थाने वापरते. जे काया, वाचा व मनाने सदाचरण करतात त्यांचाच दिवस सुनक्षत्राचा आणि सुमुहूर्ताचा, असा त्याचा आशय आहे. नक्खत्तजातकात तर विवाहाचाच प्रसंग आहे. नगरातील एका कुटुंबाने खेड्यातील मुलीशी विवाहाचा दिवस ठरविला आणि मागाहून आपल्या आजीवकाला नक्षत्र विचारले. आधी विचारले नाही म्हणून तो रुष्ट झाला व आज नक्षत्र चांगले नाही असे त्याने सांगितले. वरपक्ष गेला नाही. खेड्यातील लोकांनी मुलगी दुसऱ्याला दिली. ताऱ्यांची वाट पाहणाऱ्याच्या हातून कार्यच निसटते, हा बोधिसत्त्वाचा अभिप्राय प्रसिद्ध आहे. परंतु त्या अशुभ नक्षत्राचे मूळ आकाशात नसून आजीवकाच्या रागात होते, हा कथेतील बारकावा आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

आता फलज्योतिषाचे स्वतःचे ग्रंथ काय म्हणतात ते पाहू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहज्जातकात नक्षत्रपरत्वे मनुष्यस्वभाव सांगितले आहेत. त्यात मूळ नक्षत्रावर जन्मलेली व्यक्ती मानी, धनवान, सुखी, हिंसा न करणारी व स्थिरवृत्तीची असते असे म्हटले आहे. हीच व्यक्ती गणांच्या कोष्टकात राक्षस ठरते आणि लोकसमजुतीत सासऱ्याच्या मुळावर येते. २७ पैकी ९ नक्षत्रे राक्षसगणाची आहेत. म्हणजे मानवजातीचा एक तृतीयांश भाग जन्मतःच राक्षस ठरविलेला आहे. त्या भागात आपली मुलगी आली, एवढाच तिचा अपराध.

यापुढील गोष्ट अधिक गंभीर आहे. ज्या ३६ गुणांचे मीलन केले जाते त्यांतील पहिला गुण 'वर्ण' हा आहे. कर्क, वृश्चिक, मीन या राशी ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या वर्णाहून खालचा नसावा, हा नियम. हा अनुलोम विवाहाचाच नियम आहे. फक्त तो जमिनीवरून आकाशात नेलेला आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तर नक्षत्रांचीच जातवार वाटणी आहे. तीन पूर्वा व कृत्तिका ब्राह्मणांची, तीन उत्तरा व पुष्य क्षत्रियांची, आणि आश्लेषा, विशाखा, श्रवण व भरणी ही चांडाळांची. वैशाख मासाला ज्या विशाखेवरून नाव मिळाले आणि ज्या मासाच्या पौर्णिमेला पालि परंपरा तथागतांचा जन्म, संबोधी व महापरिनिर्वाण मानते, ती विशाखा या कोष्टकात चांडाळांची आहे आणि गणाने राक्षस आहे. जो बौद्ध उपासक गुणमीलन करतो, तो नकळत या कोष्टकावर स्वाक्षरी करतो. जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ सालच्या आपल्या निबंधात दाखविले. त्याच विवाहाच्या दारात आपण पुन्हा चातुर्वर्ण्याचा पहारा बसवावा, यासारखी विसंगती नाही.

शास्त्र म्हणूनही हा डोलारा टिकत नाही. महाराष्ट्रातच पंचांगांच्या दोन परंपरा आहेत. सोलापूरचे दाते पंचांग चित्रा पक्षाचे आहे, टिळक पंचांग रैवत पक्षाचे. आरंभबिंदू कोणता मानावा यावरून दोहोंत सुमारे ४ अंशांचे अंतर पडते. एक नक्षत्र १३ अंश २० कलांचे, त्याचा चरण ३ अंश २० कलांचा. म्हणजे पंचांग बदलले की प्रत्येकाचा चरण बदलतो, चरणावरून ठरणारे नावाचे आद्याक्षर बदलते आणि दहांपैकी सुमारे तिघांचे नक्षत्रच बदलते. चित्रा पक्षाप्रमाणे मूळ नक्षत्राच्या अखेरच्या भागात जन्मलेली मुलगी टिळक पंचांगाने पूर्वाषाढेची, अर्थात मनुष्यगणाची ठरते. दुकानात कोणते पंचांग घेतले यावर एखादी मुलगी राक्षस की मनुष्य हे अवलंबून असेल, तर त्याला स्वभावाचे ज्ञान म्हणता येणार नाही. डॉ. जयंत नारळीकर यांनी डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने २००८ साली चाचणी घेतली, तेव्हा २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिकांवरून मूल बुद्धिमान की बौद्धिकदृष्ट्या अक्षम हे सांगितले. अचूक उत्तरे सरासरी ४६ टक्के आली. नाणे उडवून याहून कमी मिळाले नसते.

आपल्या परंपरेतील अडचणीही लपवू नयेत. श्रीलंकेत व म्यानमारमध्ये मुहूर्त पाहिले जातात. म्यानमारच्या स्वातंत्र्याची ४ जानेवारी १९४८ ची पहाटेची घटिका ज्योतिषांनीच काढली होती. दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदानात मातंगराज त्रिशंकू आपल्या पुत्रासाठी पुष्करसारी ब्राह्मणाच्या कन्येला मागणी घालतो. मनुष्यमात्रात जन्मजात भेद नाही, हा त्याचा युक्तिवाद आजही तेजस्वी वाटतो. परंतु त्याच ग्रंथात तो नक्षत्रांची लांबलचक फलेही सांगतो. चांडाळ म्हटला गेलेला मनुष्य ब्राह्मणाची विद्या त्याच्याहून अधिक जाणतो, हे दाखविण्यासाठी ते प्रकरण आहे. त्याचा सामाजिक आशय आपण स्वीकारावा. फलादेश मात्र ब्रह्मजालसुत्ताच्या कसोटीवर सोडून द्यावा. ग्रंथ बौद्ध आहे एवढ्याने त्यातील प्रत्येक ओळ धम्म होत नाही.

अखेरीस अंगुलिमालाचे उदाहरण घेऊ. मज्झिमनिकायातील सुत्तात त्याच्या जन्मनक्षत्राचा उल्लेखही नाही. तो आला अट्ठकथेत : कोसलराजाच्या पुरोहिताचा हा पुत्र चोरनक्षत्रावर जन्मला, असे ती सांगते. पण पुढे तीच अट्ठकथा काय सांगते? मुलाचे नाव अहिंसक ठेवले. तक्षशिलेत तो उत्तम विद्यार्थी होता. सहाध्यायांच्या मत्सराने आचार्यांचे मन कलुषित झाले आणि त्यांनी मागितलेल्या गुरुदक्षिणेने तो हिंसेकडे ढकलला गेला. कारणे सारी माणसांची आहेत; नक्षत्र केवळ वर डकविलेले आहे. आणि चोरनक्षत्राचा तो मनुष्य अर्हत झाला. स्वभाव ताऱ्याने बांधलेला असता तर भगवंत त्या वाटेने गेलेच नसते. सर्व काही पूर्वकृतावर, ईश्वरावर वा यदृच्छेवर सोपविणाऱ्या मतांना भगवंतांनी तित्थायतनसुत्तात हाच आक्षेप घेतला आहे : असे मानल्यास मनुष्याला काय करावे व काय करू नये, याला अर्थच उरत नाही. नक्षत्रवादालाही तोच आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो.

आता त्या उपासकाच्या प्रश्नाकडे वळू. परित्राणपाठ अवश्य ठेवावा. मैत्री व श्रद्धा वाढविण्यासाठी ठेवावा. परंतु नक्षत्रशांती म्हणून ठेवू नये. १९५६ च्या धम्मदीक्षेत कोणतेही क्रियाकर्म ब्राह्मणाच्या हातून न करण्याची प्रतिज्ञा आपण घेतली. शांती तीच ठेवून केवळ करविणारा बदलल्याने त्या प्रतिज्ञेचे पालन होत नाही. त्या कन्येत शांत करण्याजोगे काही नाही. तिच्या परिचयपत्रातील ती एक ओळ तेवढी खोडावी. आणि विहारातील वधू-वर परिचय मेळाव्यांच्या छापील अर्जांतूनही नक्षत्र, गण व नाडीचे रकाने काढून टाकावेत. मृग लागला की पऱ्हे टाकावेत. नक्षत्राचे काम तेथे संपते.