मामा आणि अणुभट्टी

ख्रिस क्रॉफर्ड यांचा ‘स्क्रॅम’ हा अणुवीजकेंद्र चालवण्याचा, अटारीने १९८१ साली काढलेला खेळ भाच्याने मला संगणकावर लावून दिला. पडद्यावर नळ, पंप, झडपा. भट्टीची उष्णता एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात. आमच्या भाषेत जमा-नावे! मध्येच भूकंप होतो, काहीतरी मोडतं, आणि काय मोडलं ते नुसत्या आकड्यांवरून हुडकायचं. थेट टॅली न जुळलेली संध्याकाळ.

तक्रार एकच : मोडतोड करतो तो भूकंप. अमेरिकेत थ्री माइल आयलंडला १९७९ साली झडप उघडी अडकली हे खरं. पण आकड्यांचा उलटा अर्थ लावून पाणी कमी केलं ते माणसांनीच. तो चुकणारा माणूस खेळात कुठे आहे?

या विचारात मी भलताच पंप बंद केला. भट्टी वितळली.

भाचा म्हणाला, “मामा, सापडला!”