दलित आत्मकथनांतील आई-बाप

दलित आत्मकथनांची समीक्षा आजवर बहुधा मुलाच्या बाजूने झाली. शाळेत दूर बसविलेला, पाणवठ्यावर हटकलेला, भुकेला मुलगा समीक्षकांना दिसला. त्याला वाढविणाऱ्या आई-बापाच्या मनात काय चालले होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

मराठी मध्यमवर्गीय वाचकाच्या मनातील आई ‘श्यामची आई’ने (१९३५) घडविली. साने गुरुजींची ही आई दारिद्र्यात आहे. पण तिने शिकविलेल्या चांगुलपणाला गाव निदान ओळख देतो. दलित आईची अडचण येथेच सुरू होते. मुलाला ताठ मानेने जगावयास शिकवावे, तर गाव त्याला ठेचील. मान खाली घालावयास शिकवावे, तर आपल्याच हाताने ती त्याला गुलाम करील. शाळेत धाडताना ‘शिक’ म्हणायचे आणि गावातून जाताना ‘गप जा’ म्हणायचे, अशा दोन आज्ञा एकाच तोंडून निघतात. तिच्या संतापात, शिव्यांत, मारात पुष्कळदा भीतीच बोलत असते. तिला अडाणी ठरविणाऱ्या समीक्षेला ही भीती वाचता आलेली नाही.

दया पवारांच्या ‘बलुतं’मधील (१९७८) बाप गोदीत राबतो आणि दारूत बुडतो. व्यवस्थेने त्याला पिळले हे खरे. परंतु तेवढे म्हटल्याने त्याच्या व्यसनाची झळ सोसणाऱ्या बायकोचा नि पोराचा हिशेब मिटत नाही. पवारांनी त्याला देव केले नाही, राक्षसही केले नाही. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) तर बापपणाचा अर्थच तपासला जातो. जन्मास कारण झालेला पाटील बापाचे नाव देत नाही. पोराला सांभाळतात ती आजी संतामाय आणि दादा, म्हणजे महमूद दस्तगीर जमादार. ज्याच्याशी ना रक्ताचे नाते, ना जातीचे, ना धर्माचे, तो माणूस जीव लावतो.

आईने स्वतः लेखणी धरली म्हणजे चित्र आणखी पालटते. ऊर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आयदाने विणून मुले वाढविणारी आई आहे, तशीच स्वतःच्या मुलाच्या मृत्यूने उन्मळलेली लेखिकाही आहे. शिक्षण, चळवळ, लेखन आणि घर यांतील ओढाताण ती झाकून ठेवीत नाही.

अशी मोकळीक आपल्या सार्वजनिक स्मरणात नाही. बाबासाहेब व रमाबाई यांची चार अपत्ये बालपणीच गेली. राजरत्न १९२६ साली गेला, तेव्हा महाडच्या सत्याग्रहाला वर्षभराचाही अवधी नव्हता. महाड आपण अभिमानाने सांगतो; त्या घरातले दुःख मात्र ‘त्याग’ या एका शब्दात गुंडाळून टाकतो.

आई-बापाचे खचणे लिहिल्याने विद्रोह पातळ होईल, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही. लेकराला प्रेमाने जवळ घेण्याची उसंतदेखील जातीने हिरावली, याहून मोठा आरोप कोणता? आज शहरात नोकरी करणाऱ्या दलित पालकापुढे तीच भीती नवा वेष घेऊन उभी आहे: मुलाला त्याची जात केव्हा सांगावी, आणि आपण सांगण्यापूर्वी वर्गातल्या कोणी सांगितली तर? या प्रश्नाचे लेखन आमच्या साहित्यात अजून पुरेसे झालेले नाही. ते आता झाले पाहिजे.