बॉनेटच्या पोटातला गाभा

सोमाटणे फाट्यावरून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने लोणावळ्याकडे निघालं, की वाटेत कार्ला लागतं. तिथल्या चैत्यगृहाच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. छत अखंड कातळाचं, आपला भार आपणच पेलणारं. कमानींवर भार कसलाच नाही; त्या आहेत डोळ्यांसाठी. हलक्या गाडीसाठी केलेल्या कंपोझिट बॉनेटमध्ये हा हिशेब बरोबर उलटा होतो. डोळ्यांत भरते ती कार्बनची वीण आणि तिच्यावरची लॅकरची झिलई; आणि ज्याच्या जिवावर ते बॉनेट ताठ उभं राहतं, तो मधला गाभा कुणाच्या नजरेसही पडत नाही. जाणकाराने बघायचा तो हा गाभा.

असं बॉनेट आडवं कापून बघावं. वर-खाली अर्ध्या मिलिमीटरची एकेक कातडी, मध्ये पाचेक मिलिमीटरचा फिका, हलका थर. केळीच्या पानाचा देठ कापल्यावर आत हवेचे कप्पे दिसतात, तीच ही युक्ती. बॉनेटवर हात दाबला की वरची कातडी आवळली जाते, खालची ताणली जाते. गाभा दोघींना ठरल्या अंतरावर ठेवतो आणि एकमेकींवरून सरकू देत नाही. एक भरीव पत्रा मधोमध चिरून दोन केले आणि एकूण जाडी दुप्पट होईल इतका हलका गाभा आत भरला, तर ताठपणा सातपट होतो आणि वजन जेमतेम तीन टक्क्यांनी वाढतं. जाडी चौपट केली तर ताठपणा सदतीसपट, वजन सहा टक्के जास्त. इतक्या थोड्या वजनात इतकं पदरात टाकणारा दुसरा सौदा अभियांत्रिकीत क्वचितच सापडेल.

गाभ्यांमध्ये मला सर्वांत देखणा वाटतो तो बाल्सा. लाकडाचे तंतू दोन कातड्यांच्या मध्ये उभे राहतील असे ठोकळे कापतात, म्हणजे झाडात जसे ते उभे होते तसेच. त्यामुळे दाब सहन करण्यात बाल्सा त्याच वजनाच्या बहुतेक फोमना मागे टाकतो. शिवाय आत शिरलेलं पाणी उभ्या तंतूंमुळे आडवं फारसं पसरत नाही. १९४० साली पहिल्यांदा उडालेल्या मॉस्किटो विमानाचं धड बर्चच्या प्लायवुडमध्ये बाल्सा भरून केलं होतं. आणि ज्या जनरल मोटर्सने २००८ ते २०२० या काळात सोमाटण्याजवळच्या तळेगावात पत्र्याच्या गाड्या केल्या, तिच्याच १९९७च्या कॉर्व्हेटच्या तळात बाल्साचा गाभा होता. गाडीच्या तळाला तो शोभतो. पण लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. बिजागरीच्या एका कच्च्या भोकातून ओल आत गेली, की लाकूड कुजायला लागतं आणि बाहेरून वर्षानुवर्षं काही कळत नाही.

हनीकोम्बची गोष्ट निराळी. अ‍ॅरॅमिड कागदाच्या षटकोनी घरांचा हा गाभा घनमीटरला अवघा ४८ किलोच्या आसपास भरतो. मॅक्लारेनच्या १९८१च्या शर्यतीच्या गाडीत कार्बनच्या कातड्यांमध्ये अ‍ॅल्युमिनियमचं हनीकोम्ब होतं, तेव्हापासून या जोडीचा दबदबा आहे. त्यातली खरी कारागिरी डोळा अगदी जवळ नेल्याशिवाय दिसत नाही. कातडी आणि गाभा यांच्यामधली चिकट फिल्म भट्टीत वितळते, प्रत्येक घराच्या भिंतीवर जराशी वर चढते आणि तिथे केसाएवढा अंतर्वक्र कोपरा धरते. कागदाची कड कातडीला टेकते ती सुरीच्या पात्याएवढ्या जागेत. सगळी पकड त्या इवल्या कोपऱ्यात असते. असे हजारो कोपरे एकसारखे आलेले बघणं हा मोठा आनंद आहे. मात्र हे काम प्रीप्रेगचं, म्हणजे आधीच रेझिन मुरवलेल्या कापडाचं, आणि भट्टीचं. व्हॅक्यूमखाली रेझिन ओढायला गेलं तर घरंच रेझिनने भरतात. कातडी पातळ ठेवली तर ऊन कलल्यावर रंगाखालून षटकोन उमटलेले दिसतात. शिवाय बॉनेटच्या दुहेरी वळणावर साधं हनीकोम्ब घोड्याच्या खोगिरासारखं उलटं वळतं.

फायबरच्या लहान कारखान्यांत सर्रास वापरतात ते रेझिन पिणारं जाड मॅट. काम सोपं होतं खरं, पण तीन मिलिमीटरचा थर चौरस मीटरला दोन किलोच्या घरात जातो. हलकेपणासाठी निघालेल्याने त्या वाटेला जाऊ नये.

उरतो फोम. घनमीटरला ८० किलोचा पीव्हीसी फोम पाच मिलिमीटर जाडीत घेतला, तर चौरस मीटरला फक्त ४०० ग्रॅम. तो कापायला सोपा, पाण्याला दाद न देणारा. त्याचं दुखणं उष्णतेचं. वैशाखात उन्हात उभ्या काळ्या बॉनेटचा पृष्ठभाग सत्तर अंशांपुढे जातो, बोरघाट चढताना खालून इंजिनाची धग लागते, आणि नेमका याच टप्प्यावर पीव्हीसी मऊ पडू लागतो. पीईटी फोम, जो पाण्याच्या वापरलेल्या बाटल्यांपासूनही करतात, थोडा जड असतो. पण शंभर अंशांपर्यंत निभावतो. फोम वळवण्यात कारागिराची पारख होते. घाई असलेला माणूस फोमला चौकटी चिरा पाडतो; वळणावर त्या उघडतात, रेझिनने भरतात, वजन वाढतं आणि पुढे रंगावर रेघा उमटतात. धीराचा माणूस फोम तापवून साच्यावर अलगद बसवतो. मग चीर एकही नसते, आणि प्रतिबिंबातला विजेचा खांब बॉनेटभर न थरथरता सरकतो.

सर्वांत सुंदर जागा मात्र गाभा जिथे संपतो ती. कडेला त्याला तिरका उतार देतात, दोन कातड्या हळूहळू एकत्र येतात आणि भरीव होतात. कुलपाच्या नि बिजागरीच्या जागी फोम काढून घट्ट ठोकळा बसवतात, नाहीतर बोल्ट आवळताच फोम चिरडतो. तो ठोकळा अ‍ॅल्युमिनियमचा असेल, तर कार्बन आणि त्याच्यामध्ये काचतंतूचा एक थर हवाच, नाहीतर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं. मधल्या भागात मात्र गाभा गरजेपेक्षा कणखर नसावा. पादचाऱ्याचं डोकं आदळलं तर बॉनेटने नमतं घ्यायला हवं. आपल्याकडचं एआयएस-१०० हे मानक पादचाऱ्यांच्या याच सुरक्षेसाठी आहे.

म्हणून माझा कौल असा: शर्यतीच्या मैदानावर हनीकोम्ब, तळाला बाल्सा, आणि बोरघाट चढणाऱ्या, पावसात भिजणाऱ्या, उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या बॉनेटला घनमीटरला शंभर किलोच्या आसपासचा, तापवून वळवलेला पीईटी फोम. आणि असं बॉनेट करून घेणार असाल, तर कार्बनची वीण बघण्याआधी कारागिराकडे त्याच कामाचा एक कापलेला तुकडा मागा.