स्ट्रेची, लिटन

(१ मार्च १८८०–२१ जानेवारी १९३२). इंग्रज चरित्रकार व समीक्षक. संपूर्ण नाव जाइल्स लिटन स्ट्रेची. जन्म लंडन येथे. त्याचे वडील सर रिचर्ड स्ट्रेची हे हिंदुस्थानातील लष्करी अभियंते व प्रशासक. १८७८ मध्ये नेमलेल्या दुष्काळ आयोगाचे ते अध्यक्ष होते. तत्कालीन व्हाइसरॉय लॉर्ड लिटन हा त्याचा धर्मपिता. शिक्षण लिव्हरपूल व केंब्रिज येथे. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात लेनर्ड वुल्फ, क्लाइव्ह बेल इत्यादींशी जुळलेल्या मैत्रीतूनच पुढे तो ‘ब्लूम्सबरी’ गटाचा एक प्रमुख सदस्य झाला. ट्रिनिटीच्या फेलोशिपसाठी त्याने वॉरन हेस्टिंग्जवर प्रबंध लिहिला. तथापि ती त्याला मिळाली नाही. पुढे मूर्तिभंजक म्हणून गाजलेल्या ह्या लेखकाने आरंभी हेस्टिंग्जची बाजू मांडली होती, हे लक्षणीय आहे.

स्पेक्टेटर ह्या साप्ताहिकातून त्याने विपुल ग्रंथपरीक्षणे लिहिली. लँडमार्क्स इन फ्रेंच लिटरेचर (१९१२) हे त्याचे पहिले पुस्तक. रासीनविषयी इंग्रज वाचकांच्या मनात असलेली अढी दूर करण्याचा त्याने सातत्याने प्रयत्न केला. शेक्सपिअरच्या अखेरच्या नाटकांत प्रसन्न शांती आढळते, हे रूढ मतही त्याने नाकारले. बुक्स अँड कॅरॅक्टर्स (१९२२) ह्या संग्रहात असे निबंध आहेत.

पहिल्या महायुद्धात त्याने सद्‌सद्‌विवेकाच्या भूमिकेवरून लष्करी सेवेस नकार दिला. युद्ध चालू असतानाच एमिनंट व्हिक्टोरिअन्स (१९१८) प्रसिद्ध झाले आणि त्याला एकाएकी कीर्ती लाभली. कार्डिनल मॅनिंग, फ्लॉरेन्स नाइटिंगेल, डॉ. आर्नल्ड व जनरल गॉर्डन ह्यांची ही चार छोटी चरित्रे. थोरांची स्तुतिपर, दोनदोन खंडांची चरित्रे लिहिण्याच्या प्रथेची प्रस्तावनेत त्याने टर उडविली. (त्याचे स्वतःचे चरित्र मायकल होलरॉइड ह्याने १९६७–६८ मध्ये दोन जाडजूड खंडांतच लिहिले.) निवड, संक्षेप आणि उपरोध ही त्याची साधने. मात्र उपरोधाच्या सोयीसाठी तो पुराव्याला वाकवितो. आर्नल्डचे पाय प्रमाणापेक्षा आखूड होते असे तो बेधडक सांगतो, पण आधार देत नाही. गॉर्डनच्या मद्यपानाची हकीकत त्याने शाये-लाँग ह्या गॉर्डनच्या जुन्या सहकाऱ्याच्या लेखनावरून उचलली. ती विश्वासार्ह नाही, असे पुढील अभ्यासकांनी दाखविले. प्रत्येक निबंधाअखेर ग्रंथसूची आहे, पण तळटीपा नाहीत.

क्वीन व्हिक्टोरिया (१९२१) ही त्याची सर्वश्रेष्ठ कृती. टवाळीच्या अपेक्षेने ती हाती घेणाऱ्यांस लेखक राणीच्या काहीसा प्रेमातच पडल्याचे आढळले. येथे महत्त्वाच्या विधानांचे आधार तळटीपांत दिलेले आहेत. मृत्युशय्येवरील राणीच्या मनात गतायुष्यातील चित्रे मागेमागे सरकत बालपणापर्यंत जातात, हा अखेरचा सुप्रसिद्ध परिच्छेद सर्वस्वी कल्पित आहे. पण ‘कदाचित’ असे म्हणून लेखकाने तो कल्पित असल्याचे सूचित केले आहे. ह्या ग्रंथास जेम्स टेट ब्लॅक पारितोषिक मिळाले.

एलिझाबेथ अँड एसेक्स (१९२८) मध्ये हा संयम सुटला. धाकटा भाऊ जेम्स, फ्रॉइडचा इंग्रजी अनुवादक, ह्याला व त्याच्या पत्नीला अर्पण केलेल्या ह्या पुस्तकात राणीच्या मनाचा मनोविश्लेषणाच्या अंगाने वेध घेतलेला आहे. फ्रॉइडने त्याची प्रशंसा केली. उलट व्हर्जिनिया वुल्फने १९३९ मध्ये ते अयशस्वी ठरविले. व्हिक्टोरियाविषयी विपुल साधने होती, एलिझाबेथविषयी ती तुटपुंजी असल्याने कल्पनेला मोकळे रान मिळाले, असे तिचे प्रतिपादन. ते मार्मिक असले, तरी अपुरे आहे. आर्नल्ड वा गॉर्डनविषयी साधनांची वाण नव्हती. तरीही तेथे स्ट्रेची घसरला. प्रश्न साधनांच्या विपुलतेपेक्षा लेखकाने स्वतःवर घातलेल्या बंधनांचा अधिक होता.

पोर्ट्रेट्स इन मिनिएचर (१९३१) हे त्याच्या हयातीतील अखेरचे पुस्तक. हंगरफर्डजवळील हॅम स्प्रे हाउस येथे कर्करोगाने तो निधन पावला. अखेरच्या वर्षांत चार्ल्स ग्रेव्हिलच्या रोजनिशीची संपूर्ण, सटीप आवृत्ती सिद्ध करण्याचे काम तो करीत होता. रॉजर फुलफर्डच्या साहाय्याने पूर्ण झालेली ही आवृत्ती १९३८ मध्ये आठ खंडांत प्रसिद्ध झाली.