'नटशेल'मधील हॅम्लेट : कानातील विष

इयन मॅक्यूअन यांची 'नटशेल' ही कादंबरी २०१६ साली, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूला चारशे वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक आहे आईच्या उदरातील पूर्ण वाढ झालेला गर्भ. आई ट्रुडी आणि काका क्लॉड हे त्याच्या पित्याच्या, जॉन केर्नक्रॉस या कवी-प्रकाशकाच्या, खुनाचा बेत आखतात आणि तो हे सारे आतून ऐकतो. गर्ट्रूड व क्लॉडियस ही मूळ नावे ओळखण्यास फारसे श्रम पडत नाहीत. असे संदर्भ मोजत बसणे हा अभ्यासकांचा आवडता उद्योग असला, तरी कादंबरीचे बळ त्यांत नाही.

ते बळ 'कान' या प्रतिमेत आहे. नाटकात बागेत निजलेल्या राजाच्या कानात विष ओतले जाते. पुढे त्याचे पिशाच्च हे वृत्त पुत्राच्या कानी घालते. मॅक्यूअन या दोन घटनांची अदलाबदल करतात. जॉनला विष दिले जाते ते स्मूदीतून, तोंडावाटे. कानावाटे विष भिनते ते पुत्राच्या. आगरकरांच्या 'विकारविलसित'पासून (१८८३) मराठी वाचकास परिचित असलेल्या हॅम्लेटला खून घडून गेल्यावर कळतो आणि पिशाच्चाच्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही, या शंकेने तो ग्रासला जातो. गर्भाला गुन्हा आधीच ठाऊक आहे. शंकेस जागाच उरत नाही. विलंबाचे कारण मनातून निघून देहात येते. गर्भाने ऐकणे अभिमन्यूची कथा जाणणाऱ्यांस नवे नाही. परंतु अभिमन्यूचे ज्ञान अपुरे होते आणि शस्त्र हाती होते. येथे ज्ञान पुरेपूर आहे आणि हात मात्र निरुपयोगी. कादंबरीतील काळा विनोद या विसंगतीतून निर्माण होतो. आईने घेतलेल्या मद्याची रसिकतेने पारख करणारा हा जीव त्याच मद्याने गुंगतो, तेव्हा गर्ट्रूडच्या विषारी प्याल्याची आठवण होऊन हसू अर्ध्यावरच थांबते.

गर्ट्रूडचा पतीच्या खुनात सहभाग होता काय, हे नाटक संदिग्ध ठेवते. ट्रुडीबाबत ती संदिग्धता संपते, आणि हे कादंबरीचे नुकसानच म्हणावे लागेल. मात्र त्याच्या बदल्यात एक वेगळा पेच हाती येतो. ज्या देहाविरुद्ध सूड घ्यायचा, तोच निवेदकाचा निवारा आहे. आईवरील त्याचे प्रेम ही निवड नसून शरीरधर्म आहे. नाळेने स्वतःचा गळा आवळण्याचा त्याचा अयशस्वी प्रयत्न हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताचे विडंबन वाटतो. तरीही तो प्रसंग केवळ विडंबन राहत नाही.

दोष आहे तो निवेदकाच्या वक्तृत्वात. आई ऐकत असलेल्या ध्वनिकार्यक्रमांतून त्याला जगाचे ज्ञान होते, ही युक्ती चतुर आहे. पण जगाच्या भवितव्यावरील त्याची लांबलचक भाष्ये ऐकताना अनुभवी लेखकाचाच स्वर कानी येतो. हॅम्लेटचे शब्दबाहुल्य त्याची द्विधावस्था झाकते. गर्भाला झाकण्यासारखे काहीच नाही.

अखेरीस खुनी जोडपे पलायनाच्या तयारीत असताना तो नखाने गर्भवेष्टन फाडतो व मुदतीपूर्वीच जन्म घेतो. त्याला करता येण्याजोगी तेवढी एकच कृती असते. डेन्मार्कला हॅम्लेट तुरुंग मानतो. या नवजाताची दृष्टी आईसोबतच्या खऱ्याखुऱ्या तुरुंगाच्या कोठडीकडे लागलेली असते.