७२ पट लहान, पण कितपत खरे?

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या ओतीव धातूच्या, म्हणजेच 'डायकास्ट' प्रतिकृती जमवणारे हौशी लोक जगभर आहेत. १:७२ हे त्यांच्या आवडीचे एक प्रमाण. खऱ्या विमानाचे सहा फूट म्हणजे प्रतिकृतीचा एक इंच. अशा एखाद्या 'स्पिटफायर'ची आपण विज्ञानाच्या नजरेने परीक्षा घेऊ.

आकारात ती सहसा उत्तीर्ण होते. मार्च १९३६ मध्ये पहिले उड्डाण केलेल्या स्पिटफायरचा विस्तार पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ११.२३ मीटर होता. प्रतिकृतीत तो १५.६ सेंटिमीटर भरायला हवा. पट्टी लावून पाहावे. दहा मीटरवरून पाहिलेली प्रतिकृती ७२० मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढी दिसते. म्हणूनच १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाची लाकडी विमाने करून घेतली. आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते, हे सैनिकांना दुरून ओळखता यावे, हा त्यामागचा हेतू.

बारकाव्यांत मात्र गुण कापावे लागतात. पत्र्यांचे सांधे दाखवणारी रेघ पाव मिलिमीटर रुंद असली, तरी खऱ्या विमानावर ती १८ मिलिमीटरची भेग होईल! विमानाचा पत्रा एक मिलिमीटर जाड धरला, तर प्रतिकृतीत तो साध्या कागदाच्या सातव्या हिश्श्याइतका पातळ हवा. वितळलेला धातू साच्यात ओतून इतका पातळ पापुद्रा मिळत नाही. हा कारागिराचा दोष नव्हे, ती पद्धतीची मर्यादा आहे.

आमचा खरा आक्षेप वेगळाच आहे. प्रतिकृती हातात घेऊन संग्राहक म्हणतो, "कशी वजनदार आहे, अगदी अस्सल!" इथे हात फसवतो. लांबी ७२ पट कमी झाली, की घनफळ ७२ × ७२ × ७२, म्हणजे ३,७३,२४८ पट कमी होते. सुमारे २,७०० किलोग्रॅमचे स्पिटफायर या हिशेबाने अवघे सात ग्रॅम भरावे. चहाचा दीड चमचा पाणी तेवढे भरते. खरे विमान पोकळ आणि ॲल्युमिनियमच्या हलक्या मिश्रधातूचे; प्रतिकृती मात्र जस्ताच्या मिश्रधातूची, दुपटीहून अधिक घनतेची. म्हणजे ती जितकी जड, तितकी कमी अस्सल.

वजन घनाच्या प्रमाणात घटते, पंखांचे क्षेत्रफळ मात्र वर्गाच्या. म्हणून सात ग्रॅमच्या विमानात पंखाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार मूळच्या ७२व्या हिश्श्याइतकाच उरतो. चिमणी भुर्रकन उडते आणि गिधाडाला जमिनीवरून उठताना धावावे लागते, त्यामागेही हेच गणित आहे.

आणखी एक गोष्ट या प्रमाणात मावत नाही. अनेक प्रतिकृती नामवंत वैमानिकांच्या विमानांच्या रंगात येतात. त्याने किती विमाने पाडली, याच्या खुणाही त्यांवर असतात. पण १९४० च्या ब्रिटनवरील हवाई लढाईत ब्रिटिश फायटर कमांडचेच ५४४ जण मारले गेले. त्यांची खूण कुठेच नसते. पंखांतल्या आठ मशिनगन शोभेसाठी नव्हत्या.

तेव्हा अशी प्रतिकृती वर्गात जरूर आणावी. पण काचेच्या कपाटात न ठेवता पट्टी आणि तराजूशेजारी ठेवावी. ती कुठे खरी आणि कुठे खोटी, हे मुलांनाच शोधू द्यावे. आणि ही विमाने कशासाठी बांधली गेली, हा प्रश्न एखाद्या मुलीने विचारला, तर तास संपला म्हणून तो टाळू नये.