‘कोको’मधील कागद आणि काष्ठ

ली अंक्रिच व एड्रियन मोलिना यांच्या ‘कोको’ (२०१७) या सचेतनपटाचा आरंभ छिन्नीने कोरलेल्या रंगीत कागदी पताकांनी होतो. मेक्सिकोत मृतस्मरणाच्या सणास ‘पापेल पिकादो’ नावाच्या या पताका लावतात. संगीतासाठी गृहत्याग करणारा पुरुष आणि पादत्राणे करून संसार सावरणारी स्त्री यांची कथा पताकांवरील आकृतीच सांगतात. येथे कारागिरी ही कथेची भाषा झाली आहे.

‘आलेब्रिहे’ या चित्रविचित्र प्राण्यांविषयी असे म्हणता येत नाही. १९३६ च्या सुमारास पेद्रो लिनारेस या कारागिराने ते कागदाच्या लगद्यातून घडविले. पुढे ओआहाका प्रांतात ते लाकडात कोरले जाऊ लागले. मृतस्मरणाशी त्यांचा परंपरेने संबंध नाही. चित्रपट त्यांना परलोकातील मार्गदर्शक ठरवितो. घडविणाऱ्या हाताचा मागमूस तेथे उरत नाही.

काष्ठशिल्पाला अर्थ कोठून येतो, हे वर्धा जिल्ह्यात देवळीकडील तान्ह्या पोळ्यावरून उमगते. सुताराने घडविलेला चाकांचा नंदी ओढीत मूल घरोघर जाते व बोजारा मिळविते. सुतार, मूल आणि शेजार यांच्या या व्यवहारातच नंदीचे नंदीपण आहे. ‘कोको’तील पताकांना असा व्यवहार लाभला आहे, त्या अद्भुत प्राण्यांना तो लाभलेला नाही.